स्ट्रिक्ट म्हणजे काय गं?

गेल्या आषाढात आईचा पाय मुरगळला, असं आम्हाला आधी वाटलं. नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीची तळमजल्यावरची एकच पायरी, पावसाने ओली झालेली, आणि तिच्यावरून उतरणारी ८१ वर्षांची आई. घोट्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया लागली नाही, प्लास्टरवर निभावलं. निघताना डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहून दिली. तिचा पहिला शब्द होता स्ट्रिक्ट. पुढे नॉन-वेट-बेअरिंग, आणि त्यापुढे ६ आठवडे.

रिक्षात बसल्यावर आईने विचारलं, "काय लिहिलंय गं त्यांनी?"

"सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही."

"आणि तो पहिला शब्द? स्ट्रिक्ट म्हणजे काय गं?"

"कडक," मी म्हटलं, आणि रिक्षावाल्याला पुढच्या चौकातून डावीकडे घ्यायला सांगितलं.

मी गेली २६ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. कारखान्यांच्या सुरक्षा-नियमावल्या, बँकांचे अर्ज, करारनामे, औषधांच्या खोक्यात चौदा घड्या घालून ठेवलेली ती पातळ पत्रकं. स्ट्रिक्ट हा शब्द या कागदांतून इतका येतो की त्याच्यासाठी विचार करावा लागत नाही. डोळ्यांना स्ट्रिक्ट दिसतं आणि बोटं 'कडक' उमटवतात. त्या दिवशी रिक्षातही तेच झालं.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी दूध आणायला खाली गेले होते. दिवेलागणीची वेळ झाली, आणि आई देवघरापर्यंत गेली. खाटेपासून देवघर दोन पावलं आहे. वॉकर हाताशी होता, पण काडेपेटी धरायची म्हणून तिने तो घेतला नाही. मी परत आले तेव्हा दिवा लागलेला होता आणि ती खाटेच्या कडेला बसून ओठ दाबून घोट्याकडे बघत होती. पुन्हा एक्स-रे. हाड जरासं सरकलं होतं. पुन्हा नवं प्लास्टर, आणि सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

मी चिडले. चिडायला नको होतं, पण चिडले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, कडक म्हणालीस ना तू? मी कडकच पाळत होते. नऊ दिवसांत एकदा तरी उतरले का? दिव्यापुरतीच उठले."

त्या रात्री मला झोप आली नाही. आईने नियम मोडला नव्हता. मी तिला जो शब्द दिला होता, त्याचा मराठीत जो अर्थ आहे तो तिने तंतोतंत पाळला होता. चूक माझ्या शब्दाची होती.

कडक या शब्दाला आपल्याकडे केवढा संसार आहे बघा. चहा कडक असतो, इस्त्री कडक असते, ऊन कडक असतं, भाकरी तव्यावर जास्त राहिली तर कडक होते. पत्रिकेत मंगळ कडक असतो. उपास कडक असतो, आणि आमच्या घरी कडक उपासालाही दुपारचा चहा चालतो, कारण चहाला कुणी खाणं म्हणत नाही. आणि माणूस कडक असतो. आमच्या शाळेतल्या बाई कडक होत्या. त्या वर्गात असल्या की टाचणी पडलेली ऐकू यायची, आणि त्या कार्यालयात गेल्या की पाचव्या मिनिटाला वर्गाचा मासळीबाजार. म्हणजे कडकपणा हा पाळायला लावणाऱ्याच्या अंगात असतो. त्याची पाठ फिरली की नियमही जरा टेकतो, पाय मोकळे करतो. आईने दुसऱ्याच दिवशी मला विचारलं होतं, "डॉक्टर कडक आहेत का गं? मला तर बोलायला फार बरे वाटले." तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की स्ट्रिक्ट हे विशेषण तिने त्या ओळीला न लावता डॉक्टरांच्या स्वभावाला लावलं आहे.

इंग्रजीतही माणूस स्ट्रिक्ट असतो. स्ट्रिक्ट वडील, स्ट्रिक्ट शिक्षिका. तिथे कडक अगदी बरोबर बसतो. पण तोच शब्द नियमाला, सूचनेला, अर्थाला लागला की त्यातला माणूस निघून जातो आणि उरते ती फक्त फट नसणं. इन द स्ट्रिक्ट सेन्स, म्हणजे त्या शब्दाचा अर्थ जेवढा आहे तेवढाच, आजूबाजूचं काही नाही. स्ट्रिक्ट कॉन्फिडन्स, म्हणजे ही गोष्ट या दोघांतच, बायकोलाही सांगायची नाही. या ठिकाणी रागावणारं कुणी नाही, छडी घेऊन उभं कुणी नाही. नुसती फट बुजवलेली आहे.

हे मला सगळ्यांत स्वच्छ समजावून दिलं ते भावाच्या मुलीने. ती अकरावीत आहे, आजीला भेटायला यायची आणि खाटेशी बसून गणितं सोडवायची. तिच्या वहीत स्ट्रिक्टली इन्क्रीझिंग असं लिहिलेलं दिसलं म्हणून मी सहज विचारलं. ती म्हणाली, "आत्या, नुसतं वाढतं फलन असेल तर ते मध्ये थोडा वेळ सपाट राहिलं तरी चालतं, फक्त खाली यायचं नाही. स्ट्रिक्टली म्हटलं की सपाट राहूनसुद्धा चालत नाही. आणि पाचापेक्षा स्ट्रिक्टली मोठा म्हणजे पाच धरायचाच नाही. पाचाच्या पुढे कितीही जवळ ये, पण पाच नाही."

पाच धरायचाच नाही. दिव्यापुरता पाच धरला, तिथेच घोटा सरकला.

भाषांतर करणारीला शब्दाच्या मुळाशी जायची खोड असतेच. स्ट्रिक्टच्या मागे लॅटिनमधलं स्ट्रिंगेरे हे क्रियापद आहे. आवळणं, ओढून घट्ट करणं. त्याचं धातुसाधित रूप स्ट्रिक्टुस, म्हणजे आवळलेलं. कडक, टणक, कठीण या कुठल्याच अर्थाशी त्याचं मूळ नातं नाही. दगड कठीण असतो, पण दगडाला कुणी आवळलेलं नसतं. आवळायला मुळात एकापेक्षा जास्त गोष्टी लागतात, त्या सुट्या असाव्या लागतात, आणि त्यांना एकत्र उभं करायचं काही कारण असावं लागतं.

हे वाचलं आणि मला थेट अण्णांचा छापखाना आठवला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जुळारी होते. पुढे डोळे आणि बोटं दोन्ही तयार झाल्यावर मुद्रितशोधक झाले, पण सुरुवात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यापासून. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात तो छापखाना होता. १९७६-७७ मध्ये मी दुसरी-तिसरीत असेन. सुट्टीत त्यांचा डबा पोचवायचं काम माझं. आत शिरलं की शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा, कारण खिळे रॉकेलने धुवायचे. चाळीस पावलांचा तो काळोखा लांबट खण, भिंतीला टेकवलेल्या तिरप्या पेट्या, आणि त्यांत शेकडो कप्पे. देवनागरीला इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागतात. जोडाक्षरं वेगळी, काने-मात्रे, वेलांट्या, रफार. अण्णांचा हात न बघता बरोबर त्या कप्प्यात जायचा.

पण मला आवडायचं ते फर्मा, म्हणजे छापायला तयार केलेलं जुळवलेलं पान, आवळताना बघायला. जुळवलेलं पान सपाट दगडावर ठेवायचं, भोवती लोखंडी चौकट, तिला चेस म्हणत. पान आणि चौकट यांच्यामधली रिकामी जागा लाकडी पट्ट्यांनी भरायची. मग दोन बाजूंनी पाचरी. पाचर एकदम पूर्ण ठोकायची नाही. ही थोडी, मग ती थोडी, पुन्हा ही. सगळीकडून सारखा दाब आला पाहिजे. मग पानावर लाकडी ठोकळा ठेवून वरून हलके ठोके, म्हणजे सगळी अक्षरं एका पातळीत बसतात. मग पुन्हा पाचरी, या वेळी शेवटच्या. आणि त्यानंतर अण्णा चौकटीचा एक कोपरा बोटभर उचलून खाली पट्टी सरकवायचे आणि मला म्हणायचे, "हलतंय का बघ."

मी अंगठ्याने ओळीमागून ओळ दाबत जायची. शिशाची ती उलटी अक्षरं गार लागायची. बहुतेक वेळा काही हलायचं नाही. पण कधीतरी एखादा रफार, एखादी मात्रा अंगठ्याखाली किंचित डुगडुगायची, आणि मी "हे!" म्हणून ओरडायची. अण्णांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद दिसायचा तो मी पहिला नंबर आल्यावरही पाहिला नाही. कारण ती मात्रा तशीच राहिली असती तर फर्मा यंत्राकडे नेताना निसटली असती, तिच्या जागेने शेजारचं अक्षर ढिलं झालं असतं, आणि दिवसभराची जुळवणी फरशीवर विखुरली असती. असं एकदा मी पाहिलंही आहे. कुणी कुणाला बोललं नाही. चार माणसं उकिडवी बसून अक्षरं वेचत होती.

आणि दुसरी बाजूही अण्णांनी तेव्हाच सांगितली होती. जास्त आवळलं तर पान मधून फुगतं, कमानीसारखं वर येतं. मग मधली अक्षरं कागदावर गडद, कडेची फिकी. "आवळायचं ते उभं राहण्यापुरतं," असं काहीसं ते म्हणायचे. शब्द मला नेमके आठवत नाहीत, पण पाचर ठोकता ठोकता थांबलेला त्यांचा हात आठवतो.

वाड्यात सगळे अण्णांना कडक म्हणत. मामाला लिहिलेलं पोस्टकार्ड ते मला ऱ्हस्व-दीर्घासाठी परत लिहायला लावत, एकदा तर तिसऱ्यांदा. पोस्टकार्ड वाया गेलेलं त्यांना परवडत नव्हतं, तरी लावत. पण त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. ते नुसतं चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवायचे. अंगठ्याने दाबून बघितल्यासारखं. आज मला वाटतं, वाड्याला जो शब्द सापडत नव्हता तो हाच होता. अण्णा कडक नव्हते. ते आवळलेले होते, सगळीकडून सारखे.

या लॅटिन क्रियापदाची पिल्लावळ इंग्रजीत फार आहे, आणि एकदा ओळख पटली की ती जिथे तिथे दिसते. जी आवळली गेल्याने अरुंद झाली ती स्ट्रेट, म्हणजे सामुद्रधुनी, आपल्या खालच्या टोकाची पाल्कची सामुद्रधुनी त्यातलीच. डिस्ट्रिक्ट म्हणजे ज्या मुलखावर एखाद्याची पकड चालते तो मुलूख. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयासमोरून जाताना आता मला त्या पाटीत अण्णांची चौकट दिसते. स्ट्रेस त्याच घरातला, आणि मराठीने त्याला 'ताण' म्हणताना ओढलेली दोरीच समोर ठेवली हे मला फार सुंदर वाटतं. पण सगळ्यांत जवळची नातलग तुरटी. तिच्यासारख्या पदार्थाला इंग्रजीत अ‍ॅस्ट्रिंजंट म्हणतात, जो कातडी आवळून घेतो तो. दाढी करताना कापलं की अण्णा ओल्या गालावरून तुरटीचा खडा फिरवायचे, आणि रक्ताचा ठिपका मिटायचा. हिरडा तोंडात धरला की गालफडं आत ओढली जातात, ती हीच क्रिया. आवळणं बरं करतं, हे त्या खड्याने मला शब्दाच्या आधी शिकवलं होतं.

तुरटीचा विषय निघाला म्हणून तिच्या सख्ख्या भावाबद्दल, स्ट्रिंजंटबद्दल. तोही याच घरातला, आणि भाषांतरात त्याची स्ट्रिक्टशी सारखी गल्लत होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने एकदा स्ट्रिंजंट टीचर लिहिलं होतं. तसं होत नाही. स्ट्रिंजंट माणसाला लागत नाही. तो कायद्याला, अटीला, कसोटीला, निकषाला लागतो. पाण्याच्या शुद्धतेचे निकष स्ट्रिंजंट असतील, म्हणजे ते गाठणं अवघड, बांधणीतच घट्ट. ते निकष प्रत्यक्ष पाळणं स्ट्रिक्ट. म्हणजे ढोबळ मानाने, स्ट्रिंजंट हा नियम लिहितानाचा घट्टपणा आणि स्ट्रिक्ट हा पाळतानाचा. अपवाद सापडतील, पण एवढं धरून चाललं तर दहांतली नऊ वाक्यं सुटतात.

आणि तिसरा रिजिड. तो या घराण्यातला नाहीच. त्याच्या मुळाशी ताठणं आहे, लाकूड होणं. इंग्रज माणूस एखाद्याला रिजिड म्हणतो तेव्हा बहुधा तक्रार करत असतो. मराठीत ताठर. आता अण्णांच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगते, कारण स्ट्रिक्ट आणि रिजिड यांतला फरक मला कुठल्याही कोशापेक्षा त्यात जास्त दिसतो.

अण्णा १९५८ साली छापखान्यात लागले. तेव्हा लेखनात टिंबं होती, उच्चारात नसलेली. कांहीं, नाहीं, घरीं. कुठे टिंब येतं आणि कुठे नाही याला कारणं होती, आणि ती पाठ करायला त्यांना दोन वर्षं लागली. चुकलं की प्रूफ लाल होऊन परत यायचं. ते तयार झाले, हात बसला, आणि १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम स्वीकारले. न उच्चारली जाणारी टिंबं गेली. पुढे १९७२ साली आणखी ४ नियम आले आणि ते १८ झाले.

छापखान्यातले वयस्कर जुळारी हळहळले. हातच टिंबाच्या कप्प्याकडे जायचा म्हणे. अण्णांनी नवे नियम एका रद्द प्रुफाच्या पाठीवर लिहिले आणि पेटीच्या वर डकवले. दुसऱ्या दिवसापासून ते 'काही' जुळवू लागले, आणि 'कांहीं' दिसलं की त्याच लाल शाईने खूण करू लागले, जिने आदल्या महिन्यात 'काही'वर केली असती. आई सांगते, कुणीतरी त्यांना विचारलं होतं की कालपर्यंत बरोबर होतं ते आज चूक कसं. अण्णा म्हणाले, पान नवं आहे. आईला ते उत्तर कळलं नव्हतं. मला आता कळतं. छापून झालं की पाचरी काढतात, फर्मा सोडतात, खिळे धुऊन आपापल्या कप्प्यांत परत टाकतात. तेच खिळे उद्या वेगळ्या पानात, तितकेच घट्ट. ताठर माणसाला हे जमत नाही. त्याचं पान एकदाच जुळलेलं असतं.

पुण्यात राहून नियमाच्या घट्टपणावर लिहायचं आणि हेल्मेटचं नाव काढायचं नाही, हे बरोबर होणार नाही. १ जानेवारी २०१९ पासून शहरात त्याची कारवाई जोरात सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, हेल्मेटसक्ती. खरं तर तो नियम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातला, १२९ व्या कलमातला, आधीपासून पुस्तकात होताच. पण शब्द बघा. सक्त हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ कठीण. सक्त मनाई, सक्त ताकीद. सक्ती म्हटलं की कुणीतरी आपल्यावर करतं आहे, वरून, जोराने. पुणेकराला ते खुपलं ते मी समजू शकते, मीही त्यांतलीच होते. अलका टॉकीजच्या चौकाच्या अलीकडे डोक्यावर चढवायचं आणि पुढे गेलं की हँडलला अडकवायचं.

ते कलम मी भाषांतराच्या एका कामासाठी नीट वाचलं तेव्हा एक गोष्ट कळली. हेल्मेट नुसतं डोक्यावर असून कायद्याचं समाधान होत नाही. ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असलं पाहिजे, असं त्यात आहे. आणि खरोखरच, माणूस पडला की न बांधलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर जातं. मी कित्येक वर्षं ते पट्टा न लावता घालत होते, पोलिसांना दिसण्यापुरतं. नियम कडक होता म्हणून डोक्यावर, आणि स्ट्रिक्ट नव्हता म्हणून मोकळा. आता गाडी सुरू करण्याआधी हनुवटीखाली तो खटका वाजेपर्यंत मी थांबते, आणि एक बोट पट्ट्याच्या आत घालून बघते. हलतंय का.

याच सक्तने आपल्या न्यायालयांत इंग्रजी रिगरसची जागा घेतली आहे. रिगरस इंप्रिझनमेंट म्हणजे सक्तमजुरी, ज्यात कष्टाचं काम करावं लागतं. तिच्या शेजारी साधी कैद. १८९७ साली लोकमान्यांना राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची झाली ती सक्तमजुरी, आणि १९२२ साली गांधीजींना ६ वर्षांची झाली ती साधी कैद. दोघेही येरवड्याच्या तुरुंगात राहिले. भिंती त्याच होत्या, विशेषण वेगळं होतं, आणि त्या विशेषणाने माणसाचा दिवस कसा जाणार ते ठरत होतं. विशेषणाला कुणी किरकोळ समजू नये असं मला म्हणूनच वाटतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती माझ्या म्हणण्याला थोडी आडवी येते. कायद्यात स्ट्रिक्ट लायबिलिटी म्हणून तत्त्व आहे. इंग्लंडमध्ये एकाने आपल्या जमिनीत साठवलेलं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं, आणि १८६८ साली तिथल्या सर्वोच्च पीठाने ठरवलं की निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई द्यावी लागेल. नाव स्ट्रिक्ट, पण त्याला अपवाद होते. दैवी आपत्ती, खुद्द तक्रारदाराचीच चूक, त्याची संमती. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली, आणि त्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली म्हटलं की धोकादायक उद्योग करणाऱ्याला हे अपवादसुद्धा मिळणार नाहीत. त्या तत्त्वाला अ‍ॅब्सोल्यूट म्हणतात. म्हणजे कायद्याच्या भाषेत स्ट्रिक्टच्या वर आणखी एक पायरी आहे.

मला यावर बराच विचार करावा लागला. स्ट्रिक्ट म्हणजे अपवाद नसणं असं मी आईला सांगायला निघाले होते, आणि ते पूर्ण खरं नव्हतं. स्ट्रिक्ट नियमाला अपवाद असू शकतो. पण तो नियमातच लिहिलेला असतो, आधी, सगळ्यांना दिसेल असा. चौकटीतल्या लाकडी पट्टीसारखा, जी छापली जात नाही पण जागा धरून असते. दिवेलागणीला, घरात कुणी नसताना, आपल्यापुरता आपण काढलेला अपवाद म्हणजे डुगडुगणारी मात्रा.

मग मराठीत याला काय म्हणायचं? काटेकोर आहे, आणि अंमलबजावणीला, हिशोबाला, वेळेला तो छान बसतो. पण 'काटेकोर भार देऊ नका' असं काही होत नाही. कसून हा मला जास्त आवडतो. कसणं म्हणजेच आवळणं, कंबर कसतात ती. कसून चौकशी, कसून तालीम. त्या लॅटिन क्रियापदाचा हा आपल्या मातीतला जुळा भाऊ आहे. आणि तंतोतंत. या शब्दाकडे मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. तंतूला तंतू. मधे फट नाही. मी या लेखात वर आईबद्दल लिहिताना तो सहज वापरून गेले, आणि नंतर वाचताना थांबले. रिक्षात मला हाच शब्द हवा होता, आणि तो माझ्याच घरात होता.

काही ठिकाणी मराठी वेगळीच वाट धरते. स्ट्रिक्ट व्हेजिटेरियनला आपण शुद्ध शाकाहारी म्हणतो, पुण्यातल्या प्रत्येक दुसऱ्या खानावळीवर ते लिहिलेलं असतं. इंग्रजीने नियम बघितला, मराठीने सोवळं बघितलं. स्ट्रिक्टली फॉर विमेनचं 'फक्त महिलांसाठी' होतं, आणि तो 'फक्त' स्ट्रिक्टलीचं सगळं काम दोन अक्षरांत करतो. शब्दाला शब्द शोधत बसण्यापेक्षा फट कुठे आहे ते शोधावं आणि तिथे जो मराठी शब्द नीट बसतो तो ठोकावा. पाचरीसारखा. भाषांतर शिकायला येणाऱ्या मुलींना मी आता हेच सांगते.

दुसरं प्लास्टर घालून आणलं त्या दिवशी मी एक कोरा कागद घेतला आणि आईसाठी, आणि दिवसा येणाऱ्या मावशींसाठी, डॉक्टरांची ती ओळ पुन्हा मराठीत लिहिली. स्ट्रिक्ट या शब्दाला मी शब्द दिलाच नाही. लिहिलं: 'उजवा पाय जमिनीला लावायचा नाही. एकदाही नाही. दोन पावलांसाठी नाही, दिव्यासाठी नाही, दाराची कडी काढायला नाही.' खाली तारीख घातली, सहा आठवड्यांनंतरची. कागद खाटेसमोरच्या भिंतीवर लावला.

आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "हे कळलं. असं सांगायचं होतंस आधी." थोडा वेळ गेला. "पण दिव्याचं काय?"

मी खूप वेळ काही बोलले नाही. मग देवघरातलं निरांजन उचललं, तेलाची बुधली, वातींचा डबा, सगळं आणलं. खाटेजवळ स्टूल ओढलं, त्यावर ताम्हन ठेवलं, ताम्हनात निरांजन. काडेपेटी तिच्या हातात दिली. तिने पाठीला उशी घेतली, पदर सावरला, वात तेलात नीट भिजवली. पहिली काडी ओली निघाली, दुसरी पेटली. आईने ज्योत लावली, देवघराच्या दिशेने हात जोडले आणि डोळे मिटले. मावशी दारात उभ्या होत्या, त्यांनीही जोडले.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. उजवा पाय उशीवर होता तिथेच होता.